बांगड्याच्या पाठीवरचा रंग

शनिवार, रात्र. मुक्काम मालवण.

मेकअपचे व्हिडिओ करणाऱ्यांनी मेकअपचे व्हिडिओ कमी पाहावेत, हे माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय. एकीने केलेला लूक दुसरी उचलते, दुसरीचा तिसरी, आणि चौथीपर्यंत पोचेस्तोवर त्यातला जीव निघून गेलेला असतो. सगळ्यांच्या पापण्यांवर तेच तपकिरी, गालांवर तेच पीच. रंग शिकायचे असतील तर जिथे रंगाला काही काम असतं अशा ठिकाणी जावं. आज सकाळी मला असा रंग मासळीबाजारात भेटला आणि दिवसभर दुसरं काही सुचलेलं नाही.

आत्याने बांगडे आणायला पाठवलं होतं. होड्या नुकत्याच लागल्या होत्या, टोपल्या ओल्या होत्या. बांगडा मी लहानपणापासून खात आलेय, पण तो नीट पाहिला तो आज. पाठ निळी-हिरवी, पण ती निळी की हिरवी हे ठरवता येत नाही. मान जरा तिरकी केली की निळ्याचं हिरवं होतं. पाठीवरून शेपटीकडे बारीक उभ्या रेघा जातात, आणि ताज्या बांगड्यावर त्या चक्क सोनेरी असतात. मग बाजूने सोनेरी झाक असलेली चांदी, आणि पोटाशी निव्वळ चांदी. एवढे रंग एकमेकांत असे मिसळलेले की एक कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते सापडत नाही. ब्रश घेऊन तासन्‌तास ब्लेंड करणाऱ्या कुणालाही विचारा, हे किती अवघड आहे.

मी वाकून बघत राहिले तशी मासेवाली मावशी म्हणाली, "काय गो बाय, नुसता बघून पोट भरतला काय?" मी रंगाचं सांगितलं. तिला त्यात नवल वाटलं नाही. "बघूचो आसात तर आताच बघ. तासाभरान हो रंग ऱ्हवाचो नाय." आणि खरंच, शेजारच्या टोपलीतल्या कालच्या बांगड्यांवर त्याच रेघा काळपट पडल्या होत्या. तिच्यासाठी तो रंग म्हणजे माशाचा ताजेपणा, म्हणजेच भाव. त्या सोनेरी रेघेवर तिचं घर चालतं. म्हणूनच तिची नजर माझ्यापेक्षा तयार आहे.

ही चमक रंगद्रव्याची नसते. माशाच्या कातडीत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे पातळ, चपटे स्फटिक एकावर एक रचलेले असतात आणि प्रकाश त्यांच्यावर आपटून परत येतो. कोन बदलला की रंग बदलतो. आणि सौंदर्यप्रसाधनांचं याच्याशी जुनं नातं आहे. 17व्या शतकात पॅरिसमध्ये माशांच्या खवल्यांतून काढलेल्या या चमकेने काचेचे खोटे मोती बनवत असत. पुढे तीच नेलपॉलिशमध्ये आली. आजही एखाद्या डबीवर सीआय 75170 असं छापलेलं दिसलं तर ते ग्वानिनच. आता बहुतेक ठिकाणी त्याच्या जागी अभ्रक आलंय. अभ्रकाच्या बारीक पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ थर देतात, आणि तो थर किती जाड यावर सोनेरी दिसणार की निळं की हिरवं हे ठरतं. म्हणजे माझ्या किटमधली ड्युओक्रोम, म्हणजे कोन बदलला की दुसरा रंग दाखवणारी, आयशॅडो आणि टोपलीतला बांगडा एकाच तत्त्वावर चमकतात. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि हातात मासा घेऊन कळणं वेगळं.

म्हणून लूकसुद्धा माशाच्या रचनेप्रमाणेच करायचा ठरवलाय. ड्युओक्रोम उघड्या पापणीवर नुसती लावली तर फिकट पडते. खाली गडद पाहिजे, तरच वरचा बदलता रंग उठतो. बांगड्याचंही तसंच आहे, चमकेच्या खाली काळोख आहे. आधी कोळशासारखी मॅट काळी, कडा बोटाने विरवलेली. त्यावर हिरवी-निळी ड्युओक्रोम, घासून नाही, ओल्या ब्रशने थापून. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याला चांदी. आणि सोनेरी फक्त एक रेघ, केसाइतकी बारीक, पापणीच्या वळणाबरोबर बाहेर जाणारी. ती रेघ जाड झाली की सगळं बिघडलं.

दुपारी जेवताना हे सगळं आत्याला सांगत होते तर तिने उठून कपाटातून तिची लग्नातली पैठणी काढली. धूपछाव. उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या, त्यामुळे निरीवर जांभळी दिसणारी साडी पदर फिरवला की हिरवी होते. म्हणाली, "येवल्याला हे कधीपासून करतात." तिचं बरोबर आहे. पुढचा व्हिडिओ त्या साडीवर.

पण लिहायचं आहे ते कालच्या जत्रेबद्दल, कारण ते मासळीपेक्षाही जास्त डोक्यात राहिलंय.

देवळासमोर दहीकाला होता, म्हणजे जत्रेतलं दशावतारी लोकनाट्य. दशावतारी मंडळींनी देवळाच्या मागच्या बाजूला बिऱ्हाड टाकलं होतं. दशावतारात रंगभूषाकार वेगळा नसतो, प्रत्येक नट आपला चेहरा आपणच रंगवतो. स्त्रीभूमिका करणारे काका जमिनीवर मांडी घालून बसले होते, शेजारी पेटारा, एका हातात छोटा आरसा. परवानगी विचारून मी बाजूला बसले. खोबरेल तेलात कालवलेला सफेदा त्यांनी कपाळापासून गळ्यापर्यंत लावला, वर गुलाबी छटा, मग डोळे. आणि डोळ्यांचं काम पाहून मी थक्क झाले. खालची काजळाची रेघ त्यांनी पापणीला चिकटून काढलीच नाही. तांदळाच्या दाण्याएवढी जागा सोडून खाली काढली आणि मधल्या जागेत सफेदा भरला. वरची रेघ डोळा संपल्यावरही कानशिलाकडे चालत गेली. जवळून पाहिलं तर डोळा कुठला आणि रेघ कुठली असं वाटावं. पण मी उठून दहाएक पावलं मागे गेले तर तोच डोळा दुप्पट झाला होता, आणि चेहऱ्यावर एक राणी बसली होती.

आणखी एक गोष्ट. ते आरसा चेहऱ्याजवळ धरतच नव्हते. रेघ काढायला तेवढा जवळ घ्यायचे, लगेच हात पूर्ण लांब करून बघायचे. मी विचारलं, काका, इतक्या लांबून काय दिसतं? ते म्हणाले, "चेडवा, लोका थंय बसतत. मगे आरसो हंय कित्याक धरूचो?"

हे वाक्य मी कालपासून मनात घोळवतेय. माझी माणसं कुठे बसतात? ती तळहाताएवढ्या पडद्यासमोर बसतात, बसमध्ये, अंथरुणात, ब्राइटनेस कमी करून. तिथे मी क्रीझमध्ये, म्हणजे पापणीच्या घडीत, लावलेल्या तीन छटांतली एकसुद्धा दिसत नाही, दिसतो तो आकार. मी मात्र नाक टेकेल इतक्या जवळ आरसा घेऊन काम करते. गॅसबत्तीच्या काळापासून ज्या कलेने अर्ध्या उजेडात, शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी चेहरा रंगवला, तिला अंतराचं गणित पाठ आहे.

अजिंठ्यालाही हेच दिसतं. पहिल्या लेण्यातला बोधिसत्त्व पद्मपाणी ज्या मंद उजेडात आहे, तिथे चितारीने नाकाचा शेंडा, ओठ, हनुवटी अशा पुढे येणाऱ्या भागांवर फिकट रंगाचा हात दिलाय, म्हणून तो चेहरा भिंतीतून पुढे येतो. पंधराशे वर्षांपूर्वीचं हायलायटरच ते. शाळेच्या सहलीत कुणी हे दाखवलं असतं तर!

एक गोष्ट मात्र मी करणार नाही. दशावतारातल्या संकासुर राक्षसाचा काळा मुखवटा, लाल जीभ हे कुणाला 'लूक' म्हणून मोहात पाडेल, रीलही भरपूर चालेल. पण तो देवळापुढचा खेळ आहे, त्याच्या आधी गणपतीचं स्तवन होतं, त्याला मान आहे. काकांकडून मी चेहरा उचलणार नाही, पद्धत घेणार. तांदळाएवढी सोडलेली जागा आणि लांब धरलेला आरसा, एवढंच. आणि व्हिडिओत ही युक्ती दशावतारातली आहे असं पहिल्याच वाक्यात स्पष्ट सांगणार, तळाशी बारीक अक्षरांत नाही. काकांना उद्या परत विचारायचं आहे, हात तेवढे चित्रित केले तर चालेल का. चालेल म्हणाले तर मानधन द्यायचंच, ते नको म्हणाले तरी.

आत्याच्या सुमीताईने व्हिडिओसाठी डोळे रंगवून घ्यायचं कबूल केलंय. तिच्या पापण्या रुंद आहेत, बांगड्याचा सगळा पट्टा मावेल. सकाळी आठला पडवीत ऊन तिरकं येतं, ड्युओक्रोमला तसंच पाहिजे, समोरून भपकन येणाऱ्या उजेडात ती एकच रंग दाखवते. फोन स्टँडवर लावायचा तो दाराशी, ताईपासून लांब. आधी तिथून शूट, मग जवळून. आणि त्याआधी सहाला बाजारात जाऊन एक ताजा बांगडा आणायचा, शेजारी ठेवून रंग जुळवायला. ताई म्हणते, काम झालं की लगेच त्याच बांगड्याचं तिखलं करू.