डोळे तपासायला गेलो आणि तक्त्यापाशी अडलो

डोळ्यांच्या तपासणीतलं सगळ्यात साधं साधन म्हणजे अक्षरांचा तक्ता, आणि पुण्यातल्या पेठेतल्या एका दवाखान्यात सगळ्यात जास्त हलगर्जीपणा दिसला तोही तिथेच. चीड अजून गेलेली नाही, म्हणून लिहितोय.

केसपेपर आणि कॉम्प्युटरवरचा नंबर पटकन झाले. मग पॅसेजमधल्या बाकावर बसवून समोरचा तक्ता वाचायला सांगितला. तक्ता सहा मीटरचा, म्हणजे सहा मीटरवरून वाचायचा. पायाखालच्या दोन फुटी फरश्या मोजल्या तर जेमतेम साडेसहा, म्हणजे चार मीटर. सहा मीटरला तशा दहा फरश्या लागतात. सहा मीटरच्या तक्त्यावर ६/६ च्या, म्हणजे निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून वाचता येणाऱ्या, ओळीतलं अक्षर साधारण ८.७ मिलिमीटर उंच असतं. तीच ओळ चार मीटरवरून वाचता आली, तर खरी दृष्टी ४/६, म्हणजेच ६/९. कागदावर मात्र ६/६ पडतं, आणि नुकता सुरू झालेला मोतीबिंदू त्या आकड्याआड खुशाल लपतो. जागा लहान असेल तर उलट्या अक्षरांचा तक्ता आणि तीन मीटरवर आरसा लावतात, किंवा कमी अंतरासाठीच छापलेला तक्ता वापरतात. दोन्ही अगदी योग्य. सहा मीटरचा तक्ता चार मीटरवर टांगणं मात्र चूकच.

शिवाय त्याच बाकावर रांग. पुढचे तिघं मोठ्याने वाचतात, तोवर चौथ्याला शेवटची ओळ पाठ होते. अशा वेळी उजवीकडून डावीकडे वाचायला द्यावं. एक डोळा झाकायचा तो तळव्याने, आणि न दाबता: बोटांच्या फटीतून दिसतं, आणि दाबलेला डोळा नंतर काही वेळ धूसर पाहतो. डोळे बारीक करूनही वाचू नये, कारण पापण्यांची फट पिनहोलचंच, म्हणजे बारीक भोकाच्या झाकणाचंच, काम करते.

पिनहोल मागितलं तर उत्तर आलं, "कॉम्प्युटरने नंबर काढलाय ना, मग ते कशाला?" इथे मी हटलो नाही. सव्वा मिलिमीटरच्या भोकातून पाहून खालच्या ओळी वाचता आल्या, तर दोष बहुधा चष्म्याने सुटणारा. फरक पडला नाही किंवा आणखी कमी दिसलं, तर मोतीबिंदू, पडदा, नस यांकडे बघायला हवं. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. कॉम्प्युटरचा आकडा ही फक्त सुरुवात. तरुण डोळा यंत्रात जवळचं पाहिल्यासारखा ताणला जातो आणि मायनस नंबर जास्त दाखवतो. शेवटी आतल्या खोलीत, आरसा लावून, पिनहोलसह सगळं पुन्हा झालं. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

ट्रायल फ्रेम (भिंगं बदलून पाहायचा चष्मा), स्लिट लॅम्प (डोळा मोठा करून पाहायचं यंत्र), डोळ्याचा दाब हे सगळं नीट झालं. बाहुली मोठी करायचे थेंब मात्र नंबर आणि दाब तपासून झाल्यावरच घालून घ्या. त्याआधी डॉक्टरांनी डोळ्याचा पुढचा कोन, म्हणजे डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर जातं ती बुबुळाच्या कडेची जागा, पाहिलेला असावा. तो अरुंद असला तर थेंबांनी दाब एकदम चढू शकतो. बाहुली मोठी व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आपल्या गडद डोळ्यांना जास्तही, आणि म्हणून थेंब पुन्हा घालावे लागतात. पुढचे चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही. गाडी घरीच ठेवा, रिक्षाने या, गॉगल आणा. लहान मुलांना ॲट्रोपीन दिलं तर बाहुली आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडेही मोठी राहते, त्यामुळे परीक्षेच्या तोंडावर ही तपासणी नको.

आणि हो, जुना चष्मा बरोबर न्या. जवळच्या वाचनाचा कागद ३५-४० सेंटिमीटरवर धरायचा, नाकापाशी नाही. निघण्याआधी केसपेपर बघा: दोन्ही डोळ्यांची दृष्टी वेगवेगळी, बिनचष्म्याची, चष्म्याची आणि पिनहोलची लिहिलेली हवी. नुसता चष्म्याचा नंबर लिहिला असेल तर तिथेच थांबून बाकीचं भरून घ्या.