दहापैकी दोन

शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की मी धुळ्याच्या स्टँडवर शहाद्याची गाडी धरते. गाडी दोंडाईच्याला दहा मिनिटं थांबते. तेवढ्यात सासूबाई माझ्या लेकाला घेऊन स्टँडवर येतात. मी खाली उतरून त्याला जवळ घेते, कंडक्टरने बेल मारली की परत देते. मग सारंगखेड्याचा पूल, खाली तापी, आणि अंधार पडायच्या आत शहादा. तिथल्या हॉस्पिटलात शनिवार आणि रविवार अशा दोन नाइट ड्यूट्या करून सोमवारी सकाळी पुन्हा धुळ्याला.

एम.एस्सी. नर्सिंगचं माझं दुसरं वर्ष चालू आहे. आधी जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, मग नोकरी, मग पोस्ट बेसिक म्हणजे डिप्लोमानंतरची डिग्री, पुन्हा नोकरी, असं करत इथवर आले. कोर्स पूर्णवेळ आहे, हजेरी लागते, म्हणून नोकरी सोडावीच लागणार असं धरून चालले होते. इन्चार्ज सिस्टरांनी शब्द टाकला, शनिवार-रविवारच्या नाइट मिळाल्या, आणि फीचं गणित जमलं. दुसऱ्या वर्षी डेझर्टेशन, म्हणजे प्रबंध, असतं. माझा विषय सिकलसेलच्या पेशंटचं दुखणं आणि नर्स ते कसं मोजते, हा आहे. विषय मीच मागून घेतला. धडगाव, मोलगी, तोरणमाळ या सातपुड्याच्या पट्ट्यातून आमच्याकडे सिकलसेलचे पेशंट येतात. पावरा आणि भिल्ल कुटुंबांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. थंडी सुरू झाली की वॉर्डातल्या दोन-तीन कॉट तरी त्यांच्याच असतात.

मागच्या डिसेंबरातली शनिवारची रात्र होती. फिमेल वॉर्डात आम्ही दोघी सिस्टर आणि एक मावशी. अकराच्या सुमाराला एक मुलगी आली, सतरा वर्षांची. आई-बापाबरोबर दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला गेली होती. फडाशेजारच्या पालात रात्री गारठा, दिवसभर उसाच्या मोळ्या उचलायच्या, पाणी जेमतेम. चार दिवस अंगावर काढून आई तिला घेऊन निघाली होती. पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं सिकलसेलचं कार्ड होतं, गावातल्या तपासणी शिबिरात मिळालेलं. कार्डावर एसएस, म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही दोष आलेला.

या आजारात नेमकं काय होतं, ते मी पेशंटच्या नातेवाइकांना नेहमी हात दाखवून सांगते. चांगली लाल पेशी गोल आणि मऊ, बारीक नळीतूनही वाकून निघून जाते. यांची पेशी ऑक्सिजन कमी पडला की ताठ होते, विळ्यासारखी वाकडी होते, एकीला एक अडकते आणि रक्ताची वाट बंद होते. पुढच्या हाडाला, मांसाला रक्त मिळत नाही. दुखतं ते त्यामुळे. थंडी, अंगमेहनत, पाणी कमी पिणं, ताप, यातलं काहीही निमित्त पुरतं. या मुलीच्या वाट्याला त्यातली पहिली तिन्ही एकदम आली होती.

मी तिला कॉटवर घेतलं, सलाईनसाठी इंट्राकॅथ लावलं, बीपी, पल्स, टेंपरेचर घेतलं. मग माझ्या अभ्यासातला प्रश्न विचारला. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. दहापैकी किती दुखतंय? बोटं दाखवूनही विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि दोन बोटं वर केली.

मी लिहिलं, पेन स्कोर २/१०.

आरएमओ सर, म्हणजे ड्यूटीवरचे डॉक्टर, खाली कॅज्युअल्टीत अडकले होते. त्यांनी फोनवर विचारलं, "पेन किती?" मी म्हटलं, "दोन, सर." "बरं, पॅरासिटामॉल लावा, सलाईन चालू ठेवा, मी वर येतोच." त्यांची काही चूक नव्हती. मी जो आकडा दिला, त्याच्या हिशोबाने ऑर्डर बरोबर होती. पण लगेच खाली फवारणीचं औषध प्यायलेला एक माणूस आला आणि सरांना वर येता आलं नाही.

आमच्या वॉर्डातही शांतता नव्हती. एका आजीला धाप लागली, एकीला रक्त चढवणं चालू होतं. पावणेएकला मी या मुलीच्या कॉटवरून गेले. डोळे मिटलेले, हालचाल नाही. नर्सेस नोट्समध्ये मी लिहिलं, पेशंट स्लीपिंग.

मला आजही खुपतात ते हे दोन शब्द. आम्ही नर्सेस ते रोज लिहितो. डोळे मिटलेले दिसले की झोप लागली असं धरतो. सिकलसेलच्या दुखण्यात पेशंट डोळे मिटून निश्चल पडून राहतो, कारण जरा हललं तरी कळ येते. हे मी माझ्या डेझर्टेशनच्या आराखड्यात, सिनॉप्सिसमध्ये, स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. पावणेएक वाजता, पाच कॉट पुढे काम पडलेलं असताना, ते मला आठवलं नाही.

दोनच्या सुमाराला मावशी आली. मावशी पावरा आहे. पेशंटशी पावरीत बोलते, आमच्याशी अहिराणीत. म्हणाली, "सिस्टर, ती पोर झोपेल नही शे. पदर चावी ऱ्हायनी."

मी टॉर्च घेऊन गेले. ओढणीचं टोक तिच्या दातांत होतं, वीतभर कापड ओलंचिंब. मी ते हळूच सोडवलं. दातांच्या जागी कापड विरलं होतं. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवलेले. पल्स १२६. एसपीओटू, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ९४ टक्के. आई कॉटखाली बसून तिची पोटरी धरून होती. मी पोटरीला बोट लावलं तेव्हा त्या मुलीच्या तोंडून आवाज आला नाही, फक्त सगळं अंग ताठ झालं.

मी मावशीला म्हटलं, "मघाशी तर ही दोन म्हणाली." मावशी तिच्याशी बोलली. बराच वेळ बोलली. मग माझ्याकडे वळली. "सिस्टर, ती दोन पाय सांगी ऱ्हायनी. दोन्ही पाय दुखतस तिन्हा."

मी तिला किती दुखतं ते विचारलं होतं. तिला कळलं, किती ठिकाणी दुखतं. तिने खरं उत्तर दिलं होतं. त्या उत्तरावर तिला तीन तास पॅरासिटामॉलवर ठेवलं होतं मी.

आईने मावशीला आणखी एक गोष्ट सांगितली. मागे एका ठिकाणी नेली होती तेव्हा पोर रडली, ओरडली, तर तिथे कुणीतरी म्हणालं, नाटक करते. तेव्हापासून ती रडत नाही.

मी सरांना फोन लावला. म्हटलं, "सर, मघाचा स्कोर माझा चुकलाय. पेशंट सिव्हिअर पेनमध्ये आहे." सर पाच मिनिटांत वर आले. छाती ऐकली, प्लीहा तपासली, खोकला-ताप विचारला. सिकलसेलमध्ये छातीचं वेगळं आजारपण उलटू शकतं आणि त्यात जीव जाऊ शकतो, म्हणून ९४ हा आकडा त्यांनी तसाच सोडला नाही. ऑक्सिजन लावला, एक्स-रे सांगितला. ट्रॅमाडॉल हे जास्त जोराचं वेदनाशामक शंभर मिलीच्या सलाईनमधून हळूहळू द्यायचं, आधी उलटीचं इंजेक्शन. मी कुलपाच्या कपाटातून अँप्यूल काढलं, रजिस्टरला नोंद केली, लावलं. दोन ब्लँकेटं आणली. पायाला गरम शेक दिला.

औषध लावलं, पण आता उतार पडतो की नाही हे कसं कळणार? सिकलसेलच्या दुखण्याबद्दल ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पेशंट आल्यापासून तीस मिनिटांत वेदनाशामक द्या आणि आराम पडेपर्यंत दर तीस मिनिटांनी पुन्हा विचारा, असं त्यात आहे. विचारायला मी तयार होते, विचारायचं कशात ते माझ्याकडे नव्हतं. आकडा एकदा फसला होता. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची पट्टी बॅगेत होती, पण जिने चेहऱ्यावर काहीच दिसू द्यायचं नाही असं ठरवलंय तिच्यापुढे चेहरे काय ठेवायचे?

तेव्हा मला अभ्यासात वाचलेलं एक साधन आठवलं. नॅन्सी हेस्टर या अमेरिकन नर्सने १९७९ मध्ये लहान मुलांसाठी ते मांडलं. मुलापुढे चार सोंगट्या ठेवायच्या, सांगायचं की हे दुखण्याचे तुकडे आहेत, तुझ्याकडे किती तुकडे आहेत ते दे. मी मावशीला विचारलं, तुझा तो डबा आणतेस का? इंजेक्शनच्या बाटल्यांवरची प्लॅस्टिकची रंगीत टोपणं ती नातवाला खेळायला जमवते. निळी, लाल, हिरवी, अंगठ्याच्या नखाएवढी असतील. दहा टोपणं स्पिरिटने पुसली आणि किडनी ट्रेमध्ये घालून तिच्या हाताशी ठेवली. मावशीने तिला समजावलं, दुखणं जेवढं, तेवढं उचल. पाय मोजू नको, दुखणं मोज.

मुलीने थोडा वेळ ट्रेकडे पाहिलं. मग मांडीखालचा हात सोडवला आणि सगळी टोपणं मुठीत घेतली. मुठीत मावली नाहीत. दोन खाली पडली, तीही आईकडून मागून घेतली.

दर अर्ध्या तासाने मी ट्रे पुढे करत होते. पावणेतीनला दहाच. सव्वातीनला आठ. पावणेचारला सहा. सव्वाचारला तिने चार उचलली, एक परत ठेवलं. मी चार्टवर ३ लिहिलं आणि कंसात 'टोपणं' लिहिलं, सकाळच्या सिस्टरला कळावं म्हणून. पावणेपाचला गेले तर ती झोपली होती. या वेळी तोंड थोडं उघडं होतं, जबडा सैल, ओढणी बाजूला पडलेली, हात अंगावर. मी पूर्ण एक मिनिट तिचा श्वास मोजला आणि मगच लिहिलं.

पावणेएकची नोंद मी खोडली नाही, खोडायची नसतेच. तिच्यावर एक सरळ रेघ मारली, वाचता येईल अशी, सही केली. खाली लिहिलं की भाषेच्या अडचणीमुळे वेदनेचा स्कोर चुकीचा घेतला गेला. सकाळी हँडओव्हरला ते वाचून दाखवताना आवाज जरा बसला. इन्चार्ज सिस्टर एवढंच म्हणाल्या, "मावशीची ड्यूटी आता तुझ्याबरोबरच लावते."

सोमवारी कॉलेजला पोहोचले ती थेट गाइड मॅडमकडे. माझ्या डेझर्टेशनचं टूल हीच शून्य ते दहाची पट्टी होती. मराठीत भाषांतर केलेलं, तज्ज्ञांकडून तपासून घेतलेलं. मराठीत. पहिल्या वर्षी याच मॅडमनी फळ्यावर मार्गो मॅककॅफरींची १९६८ ची व्याख्या लिहिली होती. पेशंट म्हणेल ते दुखणं, आणि तो म्हणेल तेव्हा ते असतं. त्याही नर्सच होत्या. मी ती व्याख्या परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पेशंट म्हणेल ते खरं, पण तो कोणत्या भाषेत म्हणतोय आणि मी कोणत्या भाषेत ऐकतेय, हे त्या रात्रीपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी कोरा कागद पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "वेळेसकट लिहून काढ. मग टूलकडे वळू." आता आम्ही पावरी बोलणाऱ्या पेशंटसाठी वस्तूंची पट्टी बनवतोय. टूल बदललं की एथिक्स कमिटीकडे पुन्हा जावं लागतं, पायलट, म्हणजे आधीची छोटी चाचणी, पुन्हा करावी लागते. सहा-सात आठवडे मागे पडले आहे. पडू दे.

रविवारची रात्र सांगायची राहिली. मी ड्यूटीवर आले तेव्हा ती उशाला टेकून बसली होती. एक्स-रे स्वच्छ होता, हिमोग्लोबिन ७.४, तिच्यासाठी ते नेहमीचंच. सरांनी आईला धाकट्या दोघा भावंडांची तपासणी करायला सांगितलं होतं आणि दुखणं वारंवार उलटू नये म्हणून हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल रोज घ्यायची ते मावशीकडून दोनदा समजावलं होतं. ट्रे तिच्या पायापाशीच होता. मी काही विचारायच्या आत तिने टोपणं मांडायला घेतली. उजव्या नडगीवर ब्लँकेटवरूनच दोन ठेवली. डाव्या पायावर एक. मला वाटलं झालं.

उरलेली सात तिने ओंजळीत घेतली, खाली वाकली आणि कॉटशेजारी बसलेल्या आईच्या पुढ्यात ठेवली. काहीतरी म्हणाली. मावशी म्हणाली, "माय, आते तू सांग, म्हनस." आईने आधी नको नको केलं. पाठ भिंतीला टेकवून बसली होती, चार दिवस तशीच बसली असेल. मग एकेक टोपण उचलून तिने तीन परत ट्रेमध्ये टाकली आणि चार पदरात ठेवून घेतली.

मी तिचा केसपेपर काढायला मावशीला खाली पाठवलं.