शॅकल बंदरात चालावा म्हणून केलेली धावपळ: माझा अनुभव

प्रत्येकी पावणेपाच टन भार उचलणारे चाळीस शॅकल, म्हणजे वजन उचलताना दोर-साखळी जोडायचे, दोन कानांतून आडवी पिन जाणारे यू आकाराचे पोलादी कडे, तेवीस दिवस एका चाचणी केंद्राच्या कोपऱ्यात पडून राहिले. का पडून आहेत, हे मला कुणी सांगेना. आज दोन वर्षांनीही ते दिवस आठवले की डोकं तापतं. पण आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या, उद्यमबागेतल्या, आणखी कुणाला गोव्याची ऑर्डर आली, तर त्याचा तरी वेळ वाचावा म्हणून लिहितोय.

बेळगावात आमचं फोर्जिंगचं छोटं वर्कशॉप आहे. २०२३ मध्ये वास्कोच्या एका ठेकेदारानं शॅकल मागवले. मुरगाव बंदरात जहाजावर माल चढवायचा-उतरवायचा, हे त्याचं काम. माल वेळेत गेला. चार दिवसांनी त्याचा फोन आला, "दादा, तुमचे शॅकल इन्स्पेक्टरसाहेबांनी बाजूला ठेवायला लावलेत."

पोटात गोळाच आला. वाटलं, एखादा तुटला आणि खाली माणूस होता. तसं काही झालं नव्हतं. माल चांगला होता, अडचण चाचणीच्या दाखल्याची होती.

आम्ही जोडलेला दाखला इथल्याच सक्षम व्यक्तीचा, म्हणजे सरकारमान्य तपासनीसाचा होता. तेव्हाच्या कारखाना कायद्याखाली वर्कशॉपमधल्या साखळ्या, हुक, क्रेन वर्षातून एकदा ज्याच्याकडून तपासून घ्यायला लागायच्या, त्याच माणसाचा. कारखान्यात तो चालायचा. बंदरात चालत नव्हता. तिथं तेव्हा १९८६ चा गोदी कामगार सुरक्षेचा कायदा आणि त्याखालचे १९९० चे विनियम लागू होते. त्यांच्या हिशेबानं दाखला मुख्य गोदी सुरक्षा निरीक्षकांनी मान्य केलेल्या चाचणी केंद्राचाच लागायचा. मोठ्या बंदरांवर हे बघणारी माणसं डीजीफासलीची, म्हणजे केंद्राच्या कामगार मंत्रालयाखालच्या मुंबईच्या संस्थेची. गोदीत, जहाजावर, गोदामात कुठंही शिरून तपासणी करायचा, रजिस्टर मागायचा, फोटो आणि मोजमाप घ्यायचा, कामगारांचे जबाब घ्यायचा त्यांना अधिकार. जिवाला धोका दिसला तर काम थांबवायचाही. माझ्या वर्कशॉपवर त्यांची सत्ता नाही, पण माझा शॅकल गोदीत पोचला की तो त्यांच्या ताब्यात.

इन्स्पेक्टरसाहेबांवर माझा काडीचाही राग नाही, हे इथंच सांगतो. त्यांनी ठेकेदाराला दोन वाक्यांत काय पाहिजे ते सांगितलं. शॅकलच्या खाली माणसं उभी असतात. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

माल परत आणला आणि मान्यता असलेलं एक केंद्र गाठलं. कुठलं ते लिहीत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी माल नाकारला. आम्ही नंबर फक्त पिनवर ठोकला होता. पिना निघतात, एकमेकांत बदलतात, मग दाखला कुठल्या शॅकलचा म्हणायचा? हे बरोबरच होतं. माल बेळगावला आणला. आमच्या फोरमनमामांनी एकेक शॅकल व्हाइसमध्ये धरून अंगावर नंबर आणि सुरक्षित भार, म्हणजे जास्तीत जास्त किती वजन उचलायचं तो आकडा, ठोकला. पंच कुठं मारायचा यावर मामा अडून बसले. "वाकाच्या माथ्यावर मारू नकोस रे, तिथंच ताण येतो. पिनेच्या कानाजवळ मार." हे लक्षात ठेवा. मामा नसते तर मी माथ्यावरच मारला असता.

माल पुन्हा पाठवला, आणि तिथून ते तेवीस दिवस सुरू झाले.

फोन केला की काउंटरवरची बाई म्हणायची, "नंबर लागला आहे, उद्या बघू." उद्या दुसरा कुणी फोन घ्यायचा, त्याला काहीच माहीत नसायचं. मेलला उत्तर नाही. पैसे आधीच भरलेले. इकडं ठेकेदार रोज संध्याकाळी विचारायचा, काय झालं? बाराव्या दिवशी तो म्हणाला, जहाज लागलंय, मी दुसरीकडून घेतो. हातापाया पडून थांबवलं त्याला. बायको म्हणाली, "फोन करत बसण्यापेक्षा जाऊन या की एकदा." तिचं ऐकायला मी आणखी आठवडा लावला, ही माझी चूक.

शेवटी रात्रीची बस धरली. सकाळी नऊला आत गेलो तर माझी पोती जशीच्या तशी, सुतळीची गाठसुद्धा आमच्याच पोराची. ओढून बघायचं मशीन झाकून ठेवलेलं. मशीनवरच्या मुलाला विचारलं तेव्हा त्यानं हळूच सांगितलं, "काका, लोड सेलच्या, म्हणजे ताण मोजणाऱ्या भागाच्या, कॅलिब्रेशनची (मोजमाप बरोबर येतं का त्या पडताळणीची) मुदत संपली आहे. ते झाल्याशिवाय आम्हाला टेस्ट घेता येत नाही." एवढंच! पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी दुसरं केंद्र धरलं असतं. त्या मुलाला बोलून काय उपयोग? आतल्या साहेबांना मात्र मी जे बोललो ते इथं लिहीत नाही.

म्हणून माल पाठवायच्या आधी दोन कागद मागा: केंद्राच्या मान्यतेचं पत्र आणि मशीनच्या कॅलिब्रेशनचा चालू दाखला. दोन्हींवरच्या तारखा स्वतः वाचा. पैसे त्यानंतर.

कॅलिब्रेशन झाल्यावर टेस्टला मी परत गेलो, समोर उभा राहिलो. पंचवीस टनांच्या आतल्या शॅकलला सुरक्षित भाराच्या दुप्पट ताण देतात, म्हणजे आमच्याला साडेनऊ टन. आकडा चढत जातो तसा आपला श्वास अडकतो. चाळीसच्या चाळीस पास झाले. सोडल्यावर प्रत्येक पिन हातानं फिरली, एकही अडली नाही. मामांना तिथूनच फोन लावला.

एक राहिलंच. हा दाखला शॅकल वापरात यायच्या आधीच्या चाचणीचा. त्यानंतर दर बारा महिन्यांच्या आत नीट तपासणी लागतेच, ती ठेकेदारानं करायची, पण बिलावर तसं लिहून द्या, नाहीतर पुढच्या वर्षी फोन तुम्हालाच येतो. आणि १९८६ चा कायदा आता २०२० च्या कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेत गेला आहे, तेव्हा कुठल्या नमुन्यात दाखला पाहिजे ते ठेकेदाराला बंदरात आधी विचारायला लावा.

चोर्ला घाटातून माल मी स्वतः घेऊन गेलो. गेटपास लगेच झाला. इन्स्पेक्टरसाहेबांनी पोत्यातून एक शॅकल उचलला, अंगठ्यानं त्यावरची धूळ पुसली, नंबर वाचला आणि दाखल्यावर बोट ठेवलं. सतरा. जुळला. रजिस्टरमध्ये नोंद करून त्यांनी तो ठेकेदाराच्या माणसाच्या हातात दिला, आणि तो घेऊन माणूस जहाजाकडं चालू लागला.