एसटीची बस जप्त होते तेव्हा आत काय चाललेलं असतं

पेपरात अधूनमधून एक चौकटीतली बातमी येते, अपघाताची भरपाई दिली नाही म्हणून कोर्टाने एसटीची बस जप्त केली, सोबत स्टँडवर उभी लाल किंवा निळी गाडी आणि तिच्यापुढे कागद हातात धरलेला बेलिफ, म्हणजे कोर्टाचे हुकूम बजावणारा माणूस. लोकांना गंमत वाटते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, "आता बस घेऊन तो करणार काय" वगैरे. मी सदतीस वर्षं बँकेत काढली, वकील नाही, पण घरातल्याच एका प्रकरणात या सगळ्यात पुरता शिरलोय त्यामुळे म्हटलं एकदा लिहूनच टाकतो, कारण या बातमीतला खरा मुद्दा कुणी छापत नाही.

मुद्दा असा की तुमच्या माझ्या स्कूटरला थर्ड पार्टी इन्शुरन्स नसला तर पोलीस पावती फाडतो, पण सरकारी महामंडळाच्या कित्येक गाड्यांना इन्शुरन्स नसतोच आणि ते बेकायदा पण नाहीये. मोटर व्हेइकल्स अ‍ॅक्ट १९८८, कलम १४६. राज्य परिवहन उपक्रमाच्या गाड्यांना सरकार इन्शुरन्समधून सूट देऊ शकतं. पण फुकट नाही! त्याच कलमात अट आहे की आधी एक फंड उभा करायचा, तो कायम चालू ठेवायचा, आणि त्यांच्या गाडीने कुणा तिऱ्हाइताचं नुकसान केलं तर त्यातून भरायचं. म्हणजे प्रीमियम वाचवा, पण पैसे बाजूला काढून ठेवा. असा सौदा आहे तो. मग अवॉर्ड, म्हणजे भरपाईचा निकाल, झाल्यावर "वरून मंजुरी आलेली नाही, निधी उपलब्ध नाही" हे उत्तर मिळतं तेव्हा मला एकच विचारावंसं वाटतं, अहो मग इन्शुरन्स का नाही काढला? निधी नाही हे तुम्ही म्हणूच शकत नाही, निधी आहे या बोलीवरच तर गाडी बिनविम्याची रस्त्यावर आली.

आमचं प्रकरण थोडक्यात. माझा चुलत भाऊ स्कूटरवर होता, सरकारी बसने मागून उडवलं. कुठल्या राज्याचं महामंडळ ते राहू दे, आपल्या बडोद्याच्या स्टँडवर दोन-तीन राज्यांच्या गाड्या येतात. वय ४२, स्वतःचा छोटा धंदा, मागे वहिनी आणि दोन मुलं. अपघात बडोद्यापासून बराच लांब झाला होता पण क्लेम इथेच टाकला, कारण अर्ज करणारा जिथे राहतो तिथल्या ट्रायब्युनलमध्ये (अपघाताच्या क्लेमचं कोर्ट) टाकता येतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि मग उगाच परगावच्या फेऱ्या घालत बसतात. आणखी एक, १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या ६ महिन्यांच्या आत क्लेम टाकायचा आहे. आधी मुदतीची अशी अडचण नव्हती त्यामुळे "दिवस-कार्य होऊ दे, वर्ष जाऊ दे, मग बघू" असं म्हणणारे नातेवाईक असतील तर त्यांचं ऐकू नका.

रक्कम कशी ठरते ते पण सांगतो. वर्षाचं उत्पन्न धरायचं, पुढे वाढलं असतं म्हणून काही टक्के घालायचे (स्वतःचा धंदा आणि वय ४० ते ५० असेल तर २५), मग त्याच्या स्वतःच्या खर्चाचा भाग वजा करायचा, मागे दोन-तीन माणसं असली तर एक तृतीयांश, आणि जे उरेल त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. ४१ ते ४५ ला तो आकडा १४. हा गुणकाचा तक्ता सुप्रीम कोर्टाने २००९ साली सरला वर्मा केसमध्ये पक्का केला. आणि समोर कोण होतं? दिल्ली ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन. अपघात १९८८ चा, शेवटचा निकाल २००९ चा. त्याआधीची सुसम्मा थॉमस केस, ही रक्कम कशी काढायची आणि विधवेचे पैसे कुणी लुबाडू नये म्हणून एफडीत कसे ठेवायचे ते सांगणारी, ती केरळच्या एसटी महामंडळाविरुद्ध. १९८७ ची रमणभाई प्रभातभाई, मृत मुलाचे भाऊसुद्धा भरपाई मागू शकतात असं म्हणणारी, ती आपल्या गुजरात एसटीविरुद्ध. म्हणजे अपघात भरपाईचा कायदा या देशात बराचसा सरकारी बसच्या टायरखाली घडलाय. इन्शुरन्स कंपनी मध्ये नसली की महामंडळ स्वतःच भांडतं आणि स्वतःच्या पैशाने सुप्रीम कोर्टापर्यंत भांडतं. स्वतःच्या म्हणजे तिकिटाच्या.

असो. तर अवॉर्ड झाला. घरी पेढे वाटले नाहीत पण सगळ्यांनी एक सुस्कारा टाकला की सुटलो. वकिलांचा कारकून मात्र हसला, जुना माणूस, सूरसागरसमोरच्या न्यायमंदिराच्या काळापासूनचा, आता दिवाळीपुऱ्याच्या नव्या कोर्टात बसतो. वहिनीला म्हणाला, "पैसा तो मळशे ज, बेन, पण क्यारे ए ना पूछशो." (पैसे मिळतीलच, पण कधी ते विचारू नका.) आणि यात त्याचा काही खास शहाणपणा नाही, प्रिव्ही कौन्सिलने १८७२ च्या सुमारास दरभंग्याच्या एका प्रकरणात हेच म्हणून ठेवलंय की हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा, मिळाल्यावर सुरू होतात. दीडशे वर्षं झाली, सुप्रीम कोर्ट अजून तेच वाक्य आपल्या निकालांत वापरतं.

कायद्यात लिहिलंय की अवॉर्ड जाहीर झाल्यापासून ३० दिवसांत सगळी रक्कम जमा करायची. होत नाही. डेपोवाला म्हणतो डिव्हिजनला विचारा, डिव्हिजन म्हणतं सेंट्रल ऑफिसच्या लीगलला फाइल गेलीये, लीगल म्हणतं अपील करायचं की नाही त्याचा अभिप्राय मागवलाय. "अपील" हा शब्द ऐकला की आपली माणसं गप्प बसतात, त्यांना वाटतं आता थांबायलाच हवं. तर थांबायचं नसतं! नुसतं अपील दाखल केलं म्हणजे वसुली थांबत नाही, हायकोर्टाचा स्टे लागतो, आणि स्टे देताना हायकोर्ट बहुतेक वेळा रक्कम भरायला लावतं. अपील दाखल करायलाच २५ हजार किंवा अवॉर्डच्या निम्मे, यातले जे कमी असेल ते भरावे लागतात, म्हणजे मोठ्या अवॉर्डला २५ हजारच. महामंडळाला ते काहीच नाहीत.

मग वसुलीला दोन रस्ते. एक कलम १७४, ट्रायब्युनल कलेक्टरला सर्टिफिकेट देतं आणि कलेक्टर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतो. कागदावर फार जबरदस्त वाटतं. प्रत्यक्षात सरकारी मामलतदाराने सरकारी महामंडळाच्या दारात जायचं असतं, तर काय होत असेल ते समजून घ्या, फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. दुसरा रस्ता दरखास्तीचा, म्हणजे डिक्रीची वसुली करून द्या असा कोर्टात अर्ज. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६९ मध्ये स्पष्टच घातलंय की अवॉर्ड म्हणजे जणू दिवाणी कोर्टाची पैशाची डिक्री आणि ट्रायब्युनलला ती वसूल करायचे सगळे अधिकार. मला विचाराल तर हाच रस्ता धरा. दरखास्त टाका, आणि २०२१ मध्ये राहुल शहा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने दरखास्ती ६ महिन्यांत निकाली काढा असं सांगितलंय ते वकिलाला पहिल्याच पानावर लिहायला लावा.

आता इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. सरकारविरुद्ध डिक्री असेल तर दिवाणी कायद्याचं कलम ८२ आडवं येतं, ३ महिने वाट बघा वगैरे. पण महामंडळ म्हणजे सरकार नाही, १९५० च्या कायद्याने तयार झालेली वेगळी संस्था आहे, तिची गाडी तिची, खातं तिचं, खुर्ची तिची. त्यामुळे ते संरक्षण तिला नाही. मजा म्हणजे बाहेरच्या देशांत बरोब्बर उलटं भांडण असतं. केर्न या ब्रिटिश तेलकंपनीने मागच्या तारखेपासून लावलेल्या टॅक्सच्या भांडणात डिसेंबर २०२० मध्ये भारत सरकारविरुद्ध १२० कोटी डॉलरच्या आसपासचा लवाद जिंकला आणि २०२१ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या कोर्टात गेली की एअर इंडिया आणि सरकार एकच आहेत, तेव्हा सरकारचं देणं एअर इंडियाकडून घेऊ द्या. त्यांना दोघं एकच आहेत हे सिद्ध करायचं होतं. पॅरिसमध्ये सरकारी मालमत्तांवर टाच आणली, आणि ऑगस्टमध्ये आपल्या संसदेने तो मागच्या तारखेचा टॅक्सचा कायदाच बदलला. मंजुरी तेव्हा कशी पटकन आली बघा.

वहिनीच्या वेळी वकिलांनी बसच मागितली. कारण साधं, महामंडळाचं हेड ऑफिस दुसऱ्या शहरात, तिथलं फर्निचर जप्त करायचं तर डिक्री तिकडच्या कोर्टात ट्रान्सफर करा, पुन्हा नवीन नंबर, नवीन तारखा. पण बस? ती बिचारी रोज स्वतःच्या पायाने बडोद्याच्या कोर्टाच्या हद्दीत येते, वेळापत्रक भिंतीवर लावलेलं असतं. नाझरकडे (कोर्टाचा बजावणीचा अधिकारी) भत्ता भरला, वॉरंट निघालं, बेलिफ आणि कारकून सयाजीगंजच्या स्टँडवर गेले, प्रवासी उतरल्यावर पंचनामा, गाडीचा नंबर, टायर किती, काच कुठे फुटलेली. ड्रायव्हर म्हणत होता माझी काय चूक, आणि खरंच त्याची काही चूक नव्हती, अपघातवाला ड्रायव्हर वेगळाच होता. कंडक्टर फोनवर. संध्याकाळपर्यंत तिकडचा कुणीतरी अधिकारी आला, कोर्टात लिहून दिलं, गाडी सुपूर्तनाम्यावर (कोर्ट मागेल तेव्हा हजर करू या हमीवर) सोडवून नेली आणि पुढच्या तारखेला चेक. ज्या फाइलला इतका काळ मंजुरी नव्हती तिला एका गाडीची फेरी चुकल्याबरोबर मंजुरी.

तरी माझं मत बसच्या विरुद्ध आहे. घरात यावरून वाद झालाय. बस उचलली की त्या गाडीने गावी जाणारा माणूस अडकतो, गाडी राखायचा खर्च आधी आपल्याच गळ्यात, आणि लिलावापर्यंत गेलंच तर दहा लाख किलोमीटर पळालेल्या गाडीचे भंगाराचे पैसे येणार. २०१७ मध्ये लुधियान्यात कोर्टाने एका शेतकऱ्याच्या जमिनीच्या भरपाईपोटी चक्क स्वर्ण शताब्दी एक्सप्रेस जप्त केली होती, १ कोटी ५ लाखांच्या आसपास थकले होते, तो माणूस ऑर्डर घेऊन प्लॅटफॉर्मवर गेला, रेल्वेच्या इंजिनिअरने गाडी सुपूर्तीवर घेतली आणि गाडी काही मिनिटांत पुढे निघून गेली. नाव गाजलं, पण ट्रेन कोण घरी नेणार? त्यापेक्षा खातं धरा. डेपोची रोजची तिकिटाची रोकड कुठल्यातरी ब्रँचमध्ये भरली जातेच. दिवाणी संहितेत ऑर्डर २१ मध्ये नियम ४६-अ आहे, गार्निशी म्हणतात, कोर्ट थेट बँकेला नोटीस काढतं की याचे पैसे तुझ्याकडे आहेत ते इकडे भर. मी ब्रँचमध्ये असताना अशा नोटिसा हाताळल्यात, मॅनेजर दुसरं सगळं बाजूला ठेवतो, कारण कोर्टाचं ऐकलं नाही तर तो स्वतः अडकतो. खातं कुठलं ते माहीत नसेल तर त्याच ऑर्डरच्या नियम ४१ खाली महामंडळाच्या अधिकाऱ्यालाच शपथेवर विचारा, मालमत्ता काय काय आहे, खाती कुठे आहेत, आणि तो कलम १४६ चा फंड कुठे ठेवलाय, त्यात किती आहेत. हा शेवटचा प्रश्न मुद्दाम लेखी विचारायला लावा. त्याला उत्तर देणं फार अवघड जातं.

मला खरा राग व्याजाचा आहे. १० लाखांवर ९ टक्के म्हणजे वर्षाला ९० हजार, दिवसाला जवळपास २४७ रुपये. फाइल टेबलावर पडून राहिली की रोज एवढे वाढतात, आणि ज्याच्या टेबलावर ती पडलीये त्याच्या पगारातून त्यातला एक रुपया जात नाही. बेलिफ घेऊन येईल त्याला आधी, गप्प बसेल त्याला सावकाश, असा सगळा कारभार. ज्या बाईकडे दरखास्तीला वकील लावायची ऐपत नाही तिचं काय होत असेल?

आणि महामंडळच बंद पडलं तर? इंदूरला आमचे बरेच नातेवाईक आहेत, त्यांना माहितीये. मध्य प्रदेश सरकारने २००५ मध्ये आपलं एसटी महामंडळ गुंडाळायचा निर्णय घेतला. १९५० च्या कायद्याचं कलम ३९ सांगतं की अशा महामंडळाला साध्या कंपनीसारखं दिवाळ्यात काढता येत नाही, राज्य सरकारचा आदेश आणि केंद्राची संमती लागते. बस रस्त्यावर नसल्या की बेलिफ जप्त तरी काय करणार, मग जमिनी आणि डेपोच्या मागे लागा. म्हणून सांगतो, डिक्रीला १२ वर्षांची मुदत आहे हे खरं, पण तेवढी वाट बघायची नाही, ३० दिवस झाले की एकतिसाव्या दिवशी दरखास्तीची तयारी.

वहिनीची रक्कम आली त्यातला थोडा भाग हातात मिळाला, बाकी मुलांच्या नावे आणि तिच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी, ट्रायब्युनलच्या परवानगीशिवाय मोडायची नाही. थोरल्याची इंजिनिअरिंगची फी भरायचीये म्हणून त्यातली एक मोडायचा अर्ज तयार केलाय, सोबत कॉलेजचं फी-पत्रक आणि आधार जोडलंय. "भाऊजी, ह्याला पण बेलिफ लागेल का हो?" असं तिने विचारलं. नाही लागत, साधा अर्ज असतो, वकिलाशिवायही देता येतो. सोमवारी जाऊन देतोय.