पदक नसलेली सोसिना

महिला आइस हॉकीचा विषय निघाला की मी हटकून रशियाच्या ओल्गा सोसिनाचं नाव घेते, आणि दर वेळी कुणीतरी विचारतंच, "चार ऑलिम्पिक खेळली, पदक एकही नाही. मग तिचं एवढं कौतुक कशाला?" तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

या खेळात कॅनडा आणि अमेरिका एका बाजूला, बाकी सगळे दुसऱ्या बाजूला. १९९० पासूनच्या जागतिक स्पर्धांचं विजेतेपद या दोघांबाहेर गेलेलंच नाही. उरलेल्यांची खरी झुंज कांस्यासाठी. तिथे रशियाने २०१३ मध्ये ओटावाला फिनलंडला २-० हरवलं. २०१६ मध्ये कॅमलूप्सला पुन्हा फिनलंडच समोर. जादा वेळेतही गोल झाला नाही, सामना शूटआउटवर, म्हणजे एकेका खेळाडूने एकट्या गोलकीपरवर चाल करण्यावर, गेला आणि रशियाने तो काढला. दोन्ही वेळच्या रशियाच्या संघांत सोसिना होती. म्हणजे पदकं आहेत तिच्याकडे, ऑलिम्पिकचं तेवढं नाही.

जन्म १९९२ चा, तातारस्तानमधल्या अल्मेत्येव्स्क या तेलाच्या गावातला. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकला उतरली तेव्हा वय सतरा. पुढे उफाच्या 'अगिदेल' क्लबकडून गोलांचा रतीबच घातला. २०१४ चं सोची ऑलिम्पिक मात्र नासलं. काही सहकारी डोपिंगमध्ये अपात्र ठरल्या आणि संघाचा निकालच रद्द झाला. सोसिनाचं नाव त्यात नव्हतं, तरी त्या स्पर्धेतली तिची मेहनतही पुसली गेली. २०१८ ला प्याँगचांगमध्ये रशियाच्या डोपिंग प्रकरणामुळे देशाच्या नावाशिवाय, झेंड्याशिवाय खेळावं लागलं. कांस्याच्या सामन्यात समोर परत फिनलंड. ३-२. एका गोलाने पदक हुकलं. तो सामना मला आजही लागतो.

बीजिंगचा ७ फेब्रुवारी २०२२ चा सामना आठवतोय? रशियाच्या कोविड चाचण्यांचे निकाल आले नाहीत म्हणून कॅनडाचा संघ बर्फावर यायलाच तयार नव्हता. तासाभराहून जास्त खोळंबा. शेवटी दोन्ही संघ हेल्मेटच्या जाळीआड मास्क लावून उतरले. या खेळात खेळाडू एका वेळी मिनिटभरही बर्फावर नसते, पण तेवढ्यात धाप लागते. जीव तोडून पळायचं, बाकावर येऊन श्वास घ्यायचा, परत उतरायचं. हे सगळं नाकातोंडावर मास्क बांधून! रशिया ६-१ ने हरला. पुढे ज्या स्वित्झर्लंडला सलामीला ५-२ हरवलं होतं, त्याच संघाने उपांत्यपूर्व फेरीत ४-२ असा घरचा रस्ता दाखवला.

त्याच महिन्याच्या अखेरीस युक्रेनवर हल्ला झाला आणि आंतरराष्ट्रीय महासंघाने रशियाला बाहेर काढलं. तो निर्णय मला योग्यच वाटतो. ज्यांची घरंदारं गेली त्यांच्यापुढे एखाद्या स्पर्धेचं दुःख ते काय! पण तेव्हा सोसिना एकोणतीस वर्षांची होती, खेळ ऐन भरात. २०२६ च्या मिलान ऑलिम्पिकलाही रशियाचा संघ नव्हता.

कौतुक याचंच आहे. सोनं कधी मिळणारच नाही हे ठाऊक असलेल्या संघाचं कर्णधारपद तिने सांभाळलं, आणि पाच-शून्यने मागे असतानाही पकच्या, म्हणजे त्या रबरी चकतीच्या, मागे तशीच धावली, जशी बरोबरी असताना धावायची. सामने सापडले तर बघा. गोल सोडा, पक हातातून गेल्यावर ती मागे कशी वळते ते बघा.