तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या बातम्या, पण समजतं किती?

माझी बरीच वर्षं बातम्या निवडण्यात, कापण्यात आणि त्यांना मथळे देण्यात गेली. त्यामुळे ओळखीचं कुणी भेटलं की हमखास विचारतं, "एवढी चॅनेल्स, एवढे पेपर, मोबाइलवर तर दर मिनिटाला काहीतरी येतंच. मग लोकांना जगाची नीट माहिती होते का हो?"

माझ्या मते, काय घडलं ते कळतं. ते किती मोठं आहे हे कळत नाही. दोष सगळे खोट्या बातम्यांना देतात, पण पूर्ण खरी बातमीही लोकांची दिशाभूल करू शकते.

१९९५ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमधल्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की नव्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. मथळ्यांनी 'दुप्पट' उचललं. आकडा खोटा नव्हता. पण जुन्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० बायकांमध्ये साधारण एकीला हा त्रास व्हायचा, नव्या गोळ्यांमुळे तो दोघींना होत होता. एवढं एक वाक्य मथळ्याखाली ठळकपणे आलं असतं तर! घाबरून कितीतरी जणींनी गोळ्या सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये गर्भपात अंदाजे १३,००० नी वाढले. आणि गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो. ज्या भीतीने गोळी सोडली, तीच जोखीम वाढून समोर आली. हे आठवलं की मला आजही राग येतो, कारण यात कुणीही खोटं बोललेलं नव्हतं.

दुसरी अडचण काळाची. बातमीला 'आज' लागतो. हळूहळू होणाऱ्या गोष्टीला असा दिवस नसतो. अंटार्क्टिकावर ओझोनचा थर विरळ झाल्याचं १९८५ मध्ये जाहीर झालं, तेव्हा ती बातमी जगभर गाजली. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, घातक रसायनं टप्प्याटप्प्याने बंद झाली आणि थर आता सावकाश भरून येतोय. अंटार्क्टिकावर तो २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. ही बातमी कुठल्या तारखेला पहिल्या पानावर घ्यायची? परिणाम दिसतोच. गॅपमाइंडर या संस्थेने २०१७ मध्ये १४ देशांतल्या सुमारे १२,००० लोकांना विचारलं, की मागच्या वीस वर्षांत जगातल्या अत्यंत गरिबांचं प्रमाण वाढलं, तेवढंच राहिलं की जवळपास निम्मं झालं? निम्मं झालं, हे बरोबर उत्तर सरासरी ७ टक्के लोकांनी दिलं. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी तिघांत एकाचं बरोबर आलं असतं.

चोवीस तासांच्या चॅनेल्सनी यात भर घातली. १९८० मध्ये सीएनएनने ती सुरुवात केली. चोवीस तास भरायचे तर बातमीदार पाठवण्यापेक्षा स्टुडिओत चार जणांना बसवणं स्वस्त पडतं. मतं भरपूर मिळतात, माहिती तेवढीच राहते.

तरीही माध्यमं निरुपयोगी आहेत असं मी कधीच म्हणणार नाही. १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख आला. फक्त १२ मुलांवरच्या त्या लेखामुळे एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरच्या) लसीचा संबंध ऑटिझमशी जोडला गेला. माध्यमांनी ती शंका वर्षानुवर्षं जागती ठेवली, लसीकरण घटलं. आणि त्या संशोधनातला गैरप्रकार बाहेर काढला तोही ब्रायन डियर या पत्रकारानेच. त्यांची पहिली बातमी २००४ ची. लेख मागे घेतला गेला २०१० मध्ये. इतकी वर्षं एका विषयामागे राहायला पैसे लागतात आणि पाठीशी संपादक लागतो. म्हणून जिथे अजून स्वतःचे बातमीदार आहेत, तिथे वर्गणी भरा असं मी सगळ्यांना सांगते.

आणि एक मागणी आहे. पहिली बातमी जिथे आणि जेवढी मोठी दिली, ती चुकीची ठरल्यावर तेही तिथेच आणि तेवढंच मोठं द्यावं. डेस्कवर असताना मी हे म्हणत होते, आजही म्हणते.