दाढ दुखतेय का रे?

परवा बडोद्याला दांडिया बाजारातल्या घरी जेवताना भाच्याला सहज विचारलं, "गणितात किती?" त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि तेच बोट हनुवटीपासून कानापर्यंत जबड्याच्या कडेनं फिरवलं. आई कळवळली. "अगंबाई, दाढ दुखतेय का रे?" म्हणत लवंग शोधायला उठली.

दाढ ठणठणीत होती. ही खूण म्हणजे 'मी म्यूइंग करतोय, बोलू शकत नाही.' जॉन म्यू या ब्रिटिश दंतवैद्याच्या आडनावावरून आलेला शब्द. जीभ टाळूला चिकटवून ठेवायची, मग म्हणे जबडा रेखीव होतो. याला भक्कम पुरावा नाही, पण मार्क लपवायला उपाय रामबाण!

हा भाचा मला अधूनमधून शिकवत असतो. अल्फा, म्हणजे सगळ्यांवर रुबाब गाजवणारा मर्द, आता जुना झाला, सध्या सिग्मा चालतो. सिग्मा म्हणजे एकटा, अबोल, कुणाची पर्वा नसलेला. माझे आजोबा जन्मभर झोपाळ्यावर असेच बसले. घरात त्यांना 'घुम्या' म्हणत. अल्फाची तर गंमतच. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे हा शब्द गाजला आणि १९९९ मध्ये त्यांनीच लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. म्हणजे अल्फा कोण, तर पोरांच्या पोटापाण्याचं बघणारा बाप. हे काही रील्समध्ये येत नाही.

आम्ही तरी कुठले शहाणे? अकरावीत मी जुम्मादादा व्यायाममंदिरात महिनाभर मलखांबावर लोंबकळलो, ते केवळ शर्टाच्या बाह्या दुमडता याव्यात म्हणून. दंड भरले नाहीत, बाह्या मात्र दुमडल्याच. कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये १२०० किलोंचा दगड आहे, १९०२ मध्ये गामा पहिलवानानं उचलला असं सांगतात. त्याच्याशेजारी आम्ही छाती फुगवून उभे राहायचो. दगड हलणारच नव्हता, त्यामुळे कुणाचंच पितळ उघडं पडत नसे.

आई लवंग घेऊन आली. आता मौनात असलेल्याला 'नको' तरी कसं म्हणता येणार? भाच्यानं निमूट तोंड उघडलं. लवंग चावली गेली, डोळ्यांत पाणी आलं, टाळूची जीभ सुटली.

"मामा, बासष्ट."

कितीपैकी, ते मी विचारलं नाही.